बेळगाव किती लांब? खानापूरच्या वाड्यांतून मोजलेलं अंतर

जांबोटकर (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात इथंच दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की बेळगाव जिल्ह्याला आरोग्याची काही अडचण नाही. जिल्हा रुग्णालय आहे, दोन-दोन मेडिकल कॉलेजं आहेत, हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी गोव्यापासून माणसं येतात, आणि खानापूरहून बेळगाव तर सव्वीस किलोमीटर, अर्ध्या-पाऊण तासाची वाट. त्यांचं खोटं नाही. फक्त त्यांनी अंतर खानापूर स्टँडपासून मोजलं. आमच्यातली बरीच माणसं स्टँडवर राहत नाहीत. म्हणून हा वेगळा धागा.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. बेळगाव हा क्षेत्रफळानं कर्नाटकातला सगळ्यात मोठा जिल्हा, तेरा हजार चौरस किलोमीटरांच्या वर. अख्खा गोवा यात तीनदा मावून जागा उरेल. त्यातला एकटा खानापूर तालुका सतराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अडीच लाखांच्या वर. पूर्वेकडचा भाग सपाट, भात आणि उसाचा, गावं मोठी, रस्ता बरा. पश्चिमेला जांबोटीच्या पुढं कणकुंबी, चोर्ला, आणि दक्षिणेकडं हेम्माडग्याच्या आत गेलं की सह्याद्रीचं रान. तिथं गाव म्हणजे वीस-तीस-चाळीस घरं. दोन गावांमध्ये जंगल, ओढे आणि मलप्रभा-म्हादईची पाणलोटं. भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, त्याच्या पोटात गवाळी, तळेवाडी, आमगाव, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर अशी गावं आहेत. अभयारण्य नवं, गावं जुनी.

आता सरकार दवाखाना कसा देतं ते बघा. मोजमाप डोक्यांवर. मैदानी भागात तीस हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी भागात वीस हजारांमागं एक. उपकेंद्राला पाच हजार आणि तीन हजार. कागदावर हे रास्त दिसतं. पण सपाट मुलखात तीस हजार माणसं चार-पाच मोठ्या गावांत सापडतात, सायकलवरून दवाखाना गाठता येतो. रानात तेवढी माणसं गोळा करायला तुम्हाला दोनशे चौरस किलोमीटर फिरावं लागतं. खानापूरला तीस हजारांचा हिशेब लावा, आठ-नऊ केंद्रं येतात. वीस हजारांचा लावा, बारा-तेरा. आणि ती बांधायची कुठं, तर जिथं वस्ती दाट तिथं, कारण आकडा तिथंच भरतो. म्हणजे ज्याला आधीच रस्ता आहे त्याच्याच दारात दवाखाना जातो.

रस्त्याचंही तेच. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मैदानी भागासाठी पाचशे लोकवस्तीची अट होती, डोंगरी राज्यं आणि आदिवासी भागाला अडीचशेची. आमच्या तीस घरांच्या वाडीत पाचशे माणसं कुठून आणायची?

माझं म्हणणं एवढंच आहे. अंतर किलोमीटरात मोजू नका. जुलैच्या रात्री, तालुक्यातल्या सगळ्यात लांबच्या घरातून, हाताशी वाहन नसलेल्या माणसाला डॉक्टरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, तो वेळ मोजा. तो एक आकडा सुधारला की शाळा, रेशन, कचेरी, सगळं त्याच्या मागोमाग सुधारतं, कारण अडतं सगळ्यांचं एकाच ठिकाणी: ओढ्यावर आणि शेवटच्या गाडीवर.

२०२४ च्या जुलैत आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी लाकडाची डोली करून, भर पावसात, रानातून कित्येक किलोमीटर खांद्यावर रस्त्यापर्यंत आणलं. व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. बाहेरच्यांना तो धक्का होता. आमच्याकडं डोली ही दर पावसाळ्याची गोष्ट आहे. चार जण खांदा देणारे, चार बदलीचे, पुढं बॅटरीवाला एक, आणि अस्वल-गवा बाजूला व्हावा म्हणून मोठ्यानं बोलत राहायचं. नाल्याला पाणी जास्त असलं की पाणी उतरेपर्यंत काठावर थांबायचं. डोलीतलं माणूस विचारत राहतं, आलं का, आलं का.

तुमच्या गावाचं लिहा. शेवटची गाडी किती वाजता, डॉक्टर कुठं, पावसाळ्यात काय होतं. फक्त खानापूर नको. निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड, हुक्केरी, चंदगडकरांनीही लिहा.

---

निपाणीकर

चांगला विषय. आमच्याकडं रान नाही, महामार्ग दारातून जातो, तरी लिहितो.

निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तर. आजारी माणूस घेऊन कुणीही शहाणा माणूस कोल्हापूरलाच पळणार. बाजार तिकडं, सोयरीक तिकडं, डॉक्टर ओळखीचा तिकडं. पण मोफत उपचाराचं कार्ड कर्नाटकाचं. सीमेवरचा कोगनोळी टोलनाका ओलांडला की आपण परराज्यातले पेशंट. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, कुणाला हाकलत नाहीत, तेवढी माणुसकी आहे. खाजगीत मात्र रोख मोजायची. मोफत उपचार पाहिजे तर उलट दिशेला बेळगाव.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करायचं ठरवलं. माणसांना केवढा आधार वाटला होता. २०२४ च्या जानेवारीत अर्ज भरून घेणारी केंद्रं सुरू झाली आणि दोन राज्यांचा वाद पेटला, इकडच्या प्रशासनानं केंद्रं बंद पाडली. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची भाषणं झाली. पेशंट तिथंच.

आणि पुराचं सांगतो. पावसाळा लागला, घाटमाथ्यावर आणि राधानगरीकडं चार दिवस कोसळला की आमच्याकडं ऊन असलं तरी दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा फुगतात. मग रोज सकाळी पेपरात तीच यादी: कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर. सगळे बुटके बंधारे-पूल. शाळकरी पोरापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना लांबचा फेरा. २०१९ च्या ऑगस्टात तर गावंच्या गावं पाण्यात. हे पूल उंच करा म्हणून आमची एक पिढी सांगत आली.

---

पायवाट

मी आशा कार्यकर्ती आहे. गावाचं नाव लिहीत नाही, वरच्या अंगाचं आहे एवढं समजा.

जांबोटकर, तुम्ही डोलीचं लिहिलंत. डोली लागू नये म्हणून आम्ही काय करतो ते लिहिते, कारण ते कुणी बघत नाही.

बाईला सातवा महिना लागला की मी तायी कार्डावरची (गरोदरपणाच्या नोंदीचं सरकारी कार्ड) तारीख बघते आणि कॅलेंडर समोर घेऊन तिच्या सासूशी बोलायला बसते. तारीख जून ते सप्टेंबरातली असेल तर पंधरा दिवस आधी तिला खाली न्यायचं. खानापुरात, नंदगडात, बेळगावात, जिथं कुणी नातेवाईक असेल तिथं. सासू म्हणते घरात रोपलावणीचं काम आहे. नवरा गोव्यात कामाला. ज्यांच्या घरी ठेवायचं त्यांची खोली एकच. माहेर त्याच रानात असेल तर तेही उपयोगाचं नाही. तरी हातापाया पडून नेतो. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, घरून न्यायची-आणायची गाडी मोफत, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे सगळं आहे. गाडी रस्त्यापर्यंत येते, तेही खरं. रस्ता आमच्यापर्यंत येत नाही.

महाराष्ट्रात दुर्गम भागात आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' असतं, बाळंतीण होणाऱ्या बाईनं तारखेच्या आधी येऊन राहायचं, सोबतीला एक माणूस, जेवणखाण. तसं एक घर खानापुरात झालं तर मला दुसरं काही नको. चार खोल्या, एक स्वयंपाकघर. मोठ्या इमारतीची गरज नाही.

दुसरं सापाचं. आमच्याकडं फुरसं आणि मण्यार फार. कर्नाटकानं २०२४ च्या फेब्रुवारीत सर्पदंश नोंद करायलाच पाहिजे असा नियम केला, ते बरं झालं, निदान किती माणसं जातात ते कळेल. पण लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवरच चालते, आणि ती देताना जवळ डॉक्टर लागतो, कारण काहींना लसीचीच रिॲक्शन येते. मण्यार चावली तर श्वास थांबतो, तिथं व्हेंटिलेटर पाहिजे. मण्यार रात्री, झोपेत चावते. दुखत नाही, सूज नाही. पोटात दुखतंय म्हणतं पोर, आणि घरची ओवा देतात. पहाटे कळतं तोवर गाडी नाही. मी प्रत्येक घरात सांगते, जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी खोचून घ्या. एवढंच माझ्या हातात आहे आणि ते मी करते.

---

आकडेमोड

धाग्याबद्दल आभार. मी मूळचा बेळगावचा, सध्या बंगळूरला नियोजनाशी संबंधित कामात. थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये.

तीस घरांसाठी दवाखाना उभारला तरी तिथं डॉक्टर राहणार नाही. राहिला तरी दिवसाला दोन पेशंट बघून त्याचा हात बसणार नाही. शस्त्रक्रिया, बाळंतपणातली गुंतागुंत, मेंदूचा झटका यांना मोठंच रुग्णालय लागतं, ते शहरातच असणार. मग वाडीपर्यंत सेवा न्यायची की वाडीलाच सेवेजवळ आणायचं? भीमगडातल्या गावांसाठी स्वेच्छा पुनर्वसनाची योजना आहे, कुटुंबामागं पंधरा लाख. तळेवाडीच्या लोकांनी ती स्वीकारली. पोरांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी स्वीकारली, असंच ते सांगत होते. जंगलही वाचतं. हा मार्ग का नको?

---

जांबोटकर

आकडेमोड, राग कशाला. तुम्ही विचारलंत ते गावात रोज विचारलं जातं, घराघरांत बाप-लेकाचं त्यावरून भांडण आहे. ज्याला जायचं त्यानं जावं, त्याला पूर्ण पैसे आणि जमिनीचा कागद हातात मिळावा. तळेवाडीकरांना मी नावं ठेवणार नाही.

पण 'स्वेच्छा' केव्हा म्हणायची? गावाला रस्ता, शाळा, वीज, साकव हे सगळं दिलं आहे आणि तरीही माणूस म्हणतो मला खाली जायचंय, ती स्वेच्छा. साठ-सत्तर वर्षं काहीच दिलं नाही, अभयारण्य झाल्यावर तर ओढ्यावर पाइप टाकायलाही परवानगी लागते म्हणून थांबवलं, आणि मग विचारलं जाता का? तो माणूस आजारी आईकडं बघून होच म्हणणार. शिवाय पंधरा लाखांत खानापूर-बेळगावच्या आसपास आज जमीन, घर, धंदा यातलं काय काय होतं ते तुम्हीच मांडून बघा, तुमचं ते काम आहे.

आणि कायदा आडवा येतो हे अर्धंच खरं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३ पोटकलम २ वाचा. वनजमिनीतल्या गावासाठी तेरा प्रकारच्या सोयींना जमीन देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि दूरसंचाराच्या तारा, पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी, रस्ता, समाजमंदिर वगैरे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी पंचाहत्तरांपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. आता एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तीन मीटर रुंदीची वाट धरली तर तीन किलोमीटरांहून जास्त लांबी त्यात बसते. आमच्या कित्येक वाड्यांचा तुटलेला तुकडा एवढाच आहे! डांबरी महामार्ग कुणी मागत नाही. ॲम्ब्युलन्स हळूहळू का होईना पण येईल अशी खडीची वाट आणि ओढ्यांवर साकव. अभयारण्याच्या आत वन्यजीव मंडळाचा प्रश्न वेगळा उभा राहतो, हे मला माहीत आहे. पण अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातल्या वाड्यांचं काय? तिथं तर हे कलम सरळ लागू आहे आणि तरी ग्रामसभेचे ठराव झालेलेच नाहीत, कारण हे कलम आहे हेच गावाला कुणी सांगितलं नाही.

डॉक्टरचं म्हणणं मान्य. वाडीत डॉक्टर नको. वाडीतून डॉक्टरकडं जायला वाट हवी, आणि वर पायवाट ताईंनी मागितलेलं घर हवं.

---

चोर्लाघाट

१०८ बद्दल एक. आमच्या टेकावर मोबाईलला कधी कर्नाटकाचा टॉवर, कधी गोव्याचा. गोव्याचा पकडला की १०८ गोव्याला लागतो. ते विचारतात कुठला तालुका, खानापूर म्हटलं की ते तरी काय करणार. मग फोन हातात धरून अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, कर्नाटकाची रेंज येईपर्यंत. आता आम्ही कणकुंबीतल्या एका जीपवाल्याचा नंबर भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलाय. तो कधी नाही म्हणत नाही, पैसेही नंतर घेतो. त्याचं भलं होवो.

गोव्याचा मोठा सरकारी दवाखाना पूर्वी आमचा आधार होता, २०१८ पासून तिथं बाहेरच्या राज्यातल्यांना फी लागते. त्यांचंही बरोबर असेल, त्यांच्या राज्याचा पैसा. पण आमच्या घरातली निम्मी पोरं गोव्यातच राबतात.

---

कृष्णाकाठ

अथणी भागातून. आमच्याकडून बेळगाव सव्वाशे किलोमीटरांच्या वर. मिरज पन्नास-पंचावन्न. कागवाडकरांना तर मिरज हाकेच्या अंतरावर. इथली पिढ्यान् पिढ्यांची सवय म्हणजे दुखलं की मिरज. मिरजेचे डॉक्टर कन्नड बोलतात, आमच्याकडचे पेशंट मराठी बोलतात, कुणाचं अडत नाही.

अडतं ते कचेरीत. जिल्हाधिकाऱ्यांकडं, जिल्हा पंचायतीत, मोठ्या कोर्टात काम असलं की पहाटे निघायचं. साहेब मीटिंगला गेलेत असं कळलं की तो दिवस गेला, मजुरी गेली. जिल्हा फोडा म्हणून मागणी किती जुनी! १९९७ मध्ये जे. एच. पटेल सरकारनं चिकोडी आणि गोकाक जिल्हे जाहीर केले आणि नंतर मागं घेतले. तेव्हापासून दर निवडणुकीत ऐकतोय. बेळगावात विधिमंडळासाठी सुवर्णविधानसौध २०१२ ला बांधून झालं, वर्षातून काही दिवस तिथं अधिवेशन भरतं. अख्खं सरकार पाचशे किलोमीटरांवरून इथं येऊ शकतं, तर जिल्ह्याची कचेरी चिकोडीपर्यंत का येऊ नये?

अंतर कमी करता येतं याचा दाखलाही देतो. हायकोर्टासाठी पूर्वी बंगळूर गाठावं लागायचं. २००८ मध्ये धारवाडला सर्किट खंडपीठ सुरू झालं, २०१३ मध्ये ते कायमचं झालं. वकिलांनी वर्षानुवर्षं लावून धरलं म्हणून झालं.

---

चंदगडी

आमची उलटी गोष्ट. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं. राज्य पुनर्रचनेत बेळगाव तिकडं गेलं, चंदगड कोल्हापूरला जोडलं. आज बेळगाव चाळीसेक किलोमीटर, कोल्हापूर शंभराच्या वर. आमची भाजी बेळगावच्या बाजारात, काजू बेळगावच्या व्यापाऱ्याकडं, पेशंट बेळगावच्या दवाखान्यात. दाखला, जिल्हा परिषद, जात पडताळणी मात्र कोल्हापूर. निपाणीकर, तुम्ही दक्षिणेकडं पळताय कार्डासाठी, आम्ही उत्तरेकडं. रस्त्यात कुठं तरी आपली गाठ पडत असणार.

शिनोळीच्या पुढं-मागं तणाव झाला की एसटी बंद, इकडची लालपरी आणि तिकडची बस दोन्ही सीमेवर थांबतात. तेव्हा डायलिसिसचा पेशंट काय करतो याचा विचार आंदोलन करणाऱ्या आणि बंदोबस्त लावणाऱ्या, दोघांनीही करावा. आठवड्यातून दोन-तीनदा ज्याला यंत्राला जोडून घ्यावं लागतं त्याला पुढच्या सोमवारी या असं सांगता येत नाही.

---

मलप्रभा_०७

मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खानापूरला. रोज येऊन-जाऊन.

कुणी शाळा-कॉलेजचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. शाळेच्या नियमात प्राथमिक एक किलोमीटरच्या आत आणि वरचे वर्ग तीन किलोमीटरांच्या आत पाहिजेत. सातवीपर्यंत आमच्या गावात मराठी शाळा होती, पुढं हायस्कूल लांब. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी काहींचं तिथंच थांबलं. त्या हुशार नव्हत्या असं नाही. एकटी चालत कशी पाठवायची, रानातनं, अंधार पडल्यावर, हा प्रश्न. पूर्वी सरकार आठवीला सायकल द्यायचं, माझ्या ताईला मिळालेली, कोरोनानंतर ते बंद पडलं.

बायकांना सरकारी बस मोफत करणारी शक्ती योजना २०२३ च्या जूनपासून आली, त्याचं मी मनापासून चांगलंच सांगेन. आईला आता बसला पैसे मागायला लागत नाहीत. गुडघेदुखीसाठी ती पहिल्यांदा स्वतःहून दवाखान्यात गेली, तोवर 'कशाला खर्च' म्हणून अंगावर काढत होती. पण गाड्या तेवढ्याच, माणसं वाढली. आमच्या थांब्यावर येईपर्यंत गाडी भरलेली असते, कधी कधी ड्रायव्हर थांबवतच नाही. आम्ही मोफतवाल्या, त्यामुळं हात केला तरी त्यांना घाई नसते.

आमची परतीची शेवटची गाडी साडेपाचला सुटते. प्रॅक्टिकल पाचला संपतं. सर चांगले आहेत, लवकर सोडतात, पण मग माझं निरीक्षण अर्धं राहतं आणि मी ते मैत्रिणीच्या वहीतून उतरवते. गाडी सहाला सुटली तर आमच्या वाटेवरच्या सगळ्या मुलींचा प्रश्न सुटेल. अर्धा तास फक्त.

---

यल्लम्मागुड्ड

माझं घर कन्नड, शिक्षण बेळगावात मराठी मित्रांत, म्हणून मराठी लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सौंदत्ती-रामदुर्ग बाजूला रान नाही, पाऊस नाही, पण हेच सगळं आहे. तांड्यावरची बाई बाळंतपणाला अशीच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत येते. आमची भाषा राज्याचीच आहे तरी गाडी आमच्याकडंही येत नाही. म्हणून हा विषय मराठी-कन्नड करू नका एवढी विनंती. तसा झाला की दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना सोपं जातं आणि वाडी तिथंच राहते.

---

जांबोटकर

यल्लम्मागुड्ड, तुमचं मराठी उत्तम आहे आणि तुमचं म्हणणं त्याहून. सौंदत्तीच्या तांड्याचं दुखणं आणि गवाळीचं दुखणं एकच आहे.

एक भर मात्र घालतो, तुम्हीही मान्य कराल. वाडीतली म्हातारी खानापुरात पोचली, तिथल्या खिडकीवर तिच्या हातात जो कागद पडतो तो तिला वाचता येत नाही. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार का थांबले, उताऱ्यात नावात काय चूक आहे, औषध जेवणाआधी की नंतर, हे तिला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात हे धोरण देशात जुनंच आहे. सही-शिक्का कन्नडमध्ये असू दे, खाली चार ओळी मराठीत द्या. त्या चार ओळींनी एक फेरा वाचतो, आणि वाडीतल्या माणसाचा एक फेरा म्हणजे एक अख्खा दिवस.

---

आकडेमोड

वाचतोय. ऑनलाइनमुळं काही फरक? उतारा तर २००० साली भूमी प्रकल्प आल्यापासून संगणकावर आहे. नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कचेरीत) दाखले मिळतात, गावात सरकारी सेवा देणारी 'ग्राम वन' (Grama One) केंद्रं आली.

---

चोर्लाघाट

फरक आहे, खोटं कशाला बोला. उताऱ्यासाठी पूर्वी तलाठ्याच्या मागं मागं फिरावं लागायचं, आता नाही. जे कागद छापून मिळतात त्यांचं सोपं झालं. जिथं आपला अंगठा लागतो तिथं अवघड झालं. रेशनला थंब द्यायचा, दुकानात रेंज नाही. दुकानदार बिचारा मशीन घेऊन शाळेच्या मागच्या टेकावर बसतो, आम्ही खालून एकेक जण चढून जातो, थंब देतो, मग खाली येऊन तांदूळ घ्यायचे. माझ्या आज्जीचे बोटांचे ठसे घासून गेलेत, उभ्या जन्माचं शेण-माती-नाचणी. मशीन ओळखत नाही. तिला पाठुंगळी घेऊन टेकावर न्यायचं आणि मशीन नाही म्हणालं की पुन्हा खाली.

---

पायवाट

चोर्लाघाट, आज्जीचा अंगठा चालत नसेल तर डोळ्यांचं स्कॅन किंवा मोबाईलवरचा ओटीपी चालतो का ते दुकानदाराला विचारा. आमच्याकडं एका बाईचं तसं झालं. आधी आधार केंद्रात ठसे परत द्यावे लागले.

निपाणीकर, तुमच्यासाठी पण एक. ठरवून करायच्या ऑपरेशनला आयुष्मान-आरोग्य कर्नाटक या मोफत उपचारांच्या योजनेत आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, पण इमर्जन्सीला ते लागत नाही. पत्र नाही म्हणून लोक रात्री घाबरून घरीच थांबतात. थांबू नका. दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, त्याला पहिलं गाठा.

---

जांबोटकर

एवढं सगळ्यांनी लिहिलं, आता यातलं हाताला लागेल ते करूया. मोठ्या मागण्या, जिल्हा फोडणं, उंच पूल, दोन राज्यांची कार्डं, यासाठी आमदार-खासदारांकडं जायचंच आहे. पण त्याआधी दोन कामं अशी आहेत की ज्यांना कुणाची भाषणं लागत नाहीत.

एक, मलप्रभा_०७ यांची साडेपाचची गाडी सहाला. आगाराला लेखी अर्ज, सोबत त्या मार्गावरच्या सगळ्या गावांतल्या विद्यार्थ्यांची नावं, कॉलेजच्या प्राचार्यांचं प्रॅक्टिकलच्या वेळांचं पत्र. डिझेल वाढत नाही, गाडी वाढत नाही, फक्त सुटायची वेळ. प्रत हुबळीला महामंडळाच्या मुख्य कार्यालयात. मुलींनी नावं गोळा करावीत, कॉलेजात मी येतो.

दोन, वनहक्काचं. रस्त्याचा तुकडा तुटलेल्या वाड्यांच्या ग्रामसभेत कलम ३(२) चा ठराव. कुठून कुठपर्यंत, लांबी किती, रुंदी तीन मीटर, मध्ये झाडं किती, सगळं मोजून. ठराव कन्नडमध्येच लागेल, म्हणजे वनखात्याकडं तो अनुवादाच्या नावाखाली अडकणार नाही. कायद्याची भाषा माझ्या कन्नडात नीट उतरत नाही, कुणी मदत करेल का?

---

यल्लम्मागुड्ड

मी करून देतो. कच्चा मसुदा मराठीत पाठवा, मी कन्नड करतो आणि आमच्या ओळखीच्या वकिलांकडून तपासून घेतो. मोजमाप मात्र फोनच्या नकाशावर करू नका, झाडीत चुकतं. टेप घेऊन चालत मोजा, आणि शक्य असेल तर वनखात्याच्या गार्डला सोबत घ्या. त्याची सही नसली तरी तो बरोबर होता असं ठरावात लिहिता येतं.

---

आकडेमोड

पाऊस उघडल्यावर मोजणार असाल तर मी सुट्टी काढून येतो. जीपीएस यंत्र माझ्याकडं आहे. टेपबरोबर तेही चालवू, नकाशा मी काढून देतो.

---

पायवाट

पाऊस उघडल्यावर नको. आत्ताच या, निदान एकदा. ओढ्याला पाणी कुठवर चढतं ते आत्ताच दिसेल, डिसेंबरात आलात तर सगळे ओढे कोरडे, आणि तुम्ही साकव बुटका धराल. आमच्या वाटेवर दोन ओढे आहेत, दुसऱ्याला पाणी जास्त असतं. ठरावात दोन्ही साकव वेगवेगळे लिहा, नाहीतर एकच बांधून मोकळे होतील. मुक्कामाची सोय माझ्याकडं होईल. येताना जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुडी आणा.